फटफट थांबली ना?

पळस्पे फाट्यावरचा माझा मेकॅनिक गिऱ्हाइकाला बसू देत नाही. "तुमी इथंच उभे रा," म्हणतो आणि चालू इंजिनवर हात ठेवून आपल्या तोंडाकडे बघत राहतो. पाठमोरा असला, की काही विचारा, उत्तर देत नाही. मला तो माज वाटायचा.

परवा गाडी आचके देत फटफटत होती. त्याने हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली, तशी ती शांत झाली.

"इंजिन बरं हाय. हाच त्याला खोटं सांगतो."

त्याच्या मागे स्टुलावर त्याचाच फोन केव्हाचा खणखणत होता. तो वळलाही नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "फटफट थांबली ना?"

मी नीट त्याच्यासमोर झालो आणि सावकाश म्हणालो, "थांबली."