बगदादची कोरडी वाट

आमच्या शेजारच्या अत्तरवाल्या चाचांइतका भित्रा माणूस अख्ख्या हिंगोलीत नसेल. कयाधूला पूर आला की ते नदीकडच्या गल्लीत पाऊल टाकत नसत. कुत्रं भुंकलं तरी दुकानाची फळी लावून घ्यायचे. मी नवी सून, मला हसू आवरायचं नाही. सासूबाई दटावायच्या, "दात काय काढतीस? मायवेगळं लेकरू सांभाळून राहिलाय बिचारा."

लेकरू म्हणजे जुबेदा. ती विषमज्वरातून उठली तर स्वतः बगदादला जाऊन दर्ग्यावर चादर चढवीन, अशी मन्नत चाचांनी मागितली होती. पोरगी उठून बसली आणि इकडं यांची पाचावर धारण बसली! बगदादला लोक मुंबईहून बोटीनं जात. "पायाखाली जमीन न्हाई म्हंजे काय, बेटी? तोबा तोबा!" पण मन्नत मोडली तर पोरीवर येईल, ही भीती त्याहून मोठी. मग त्यांनी कोरडी वाट शोधली.

ती वाट ते आमच्या ओसरीवर चिंचोके मांडून दाखवायचे. पूर्णा, मनमाड, दिल्ली, लाहोर, मग बोलनचा घाट, पुढं इराण, शेवटी इराक. घाट आला की गडी रंगायचा. काड्यापेटीची आगगाडी अत्तराच्या पेटीखालून सरकवत म्हणायचा, "एक इंजन वढतंय, एक मागून ढकलतंय. भुयारामागं भुयार, खाली नदी, आन् वसंतात बदामाची झाडं पांढरीफेक!" ऐकताना मलाही जावंसं वाटायचं. मग एका फौजी भाच्यानं त्यांना सांगितलं, ब्रेक निकामी झाला तर गाडी वळवायला तिथं चढाची वेगळी वाट बांधलीय. चाचा पांढरे पडले. "म्हंजे ब्रेक निकामी व्हतो तर!" झालं, ते वर्ष गेलं.

शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. मुहूर्तावर निघता आलं नाही तर आपण गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवतो ना, तसं परस्थान ठेवा म्हणाल्या. "निघाल्यासारखंच व्हतंय, भाऊ." चाचांनी चादर बांधून आमच्याकडं आणून ठेवली, आणि तिथंच घोटाळा झाला. परस्थान ठेवल्यावर चार दिवसांत निघायचं असतं. यांनी मनाशी धरलं की आपण निघालोच आहोत, मन्नत काही मोडलेली नाही. त्या गाठोड्याच्या भरवशावर वर्षं गेली, लढाई सुरू होऊन संपली, जुबेदाचं लग्न होऊन ती कळमनुरीपलीकडं एका खेड्यात नांदायला गेली. मग फाळणी झाली. "आता तर घाटच दुसऱ्या मुलखात गेला," चाचा म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी मला फुकट हिन्याचा फाया दिला.

निजामाचं राज्य जाण्याआधीचं वर्ष आम्ही रझाकारांच्या धाकानं जीव मुठीत धरून काढलं. दिल्ली सरकारच्या फौजा आल्या आणि ती भीती आमच्या घरातून उठून चाचांच्या दारात गेली. रस्त्यांवर दाढीवाला माणूस दिसला की मारतात, असं लोक कुजबुजायचे. अशात कळमनुरीच्या बाजाराहून एकानं बातमी आणली, जुबेदाच्या सासरी घरं जळाली. चाचा आमच्या ओसरीवर मटकन बसले. "मी मन्नत टाळत राहिलो. म्हणून लेकरावर आलं."

मामंजींनी परोपरीनं सांगितलं, "दोन दिस थांबा, माणसं बघतो, आमच्या बैलगाडीतून जाऊ." चाचांनी उठून दुकानाची फळी लावली. "भ्या तं लई वाटून राहिलं, पाटील," एवढंच बोलले आणि कळमनुरीच्या रस्त्याला लागले. मी दारातच उभी होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या दारात एक बैलगाडी थांबली. कुणी म्हातारा शेतकरी हाकत होता, आणि आत लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली बाई. जवळ आली तेव्हा ओळखलं, जुबेदा! त्या शेतकऱ्याच्या घरच्यांनी तिला लपवलं होतं आणि आपली सून म्हणून इथवर आणलं होतं. मी तिला पोटाशी धरलं. ती माझ्या खांद्यावरून चाचांच्या बंद दुकानाकडं बघत होती.

"अब्बा कुठं हायत?"

"तुलाच आणायला गेलेत गं. वाटेत भेटले न्हाईत?"

तिनं मान हलवली. मग माझ्याकडं अशी पाहत राहिली, जणू मी भलत्याच कुणाबद्दल बोलतेय.

"अब्बा?" ती म्हणाली. "एकले?"