बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव

डबा माझ्यापुढे आला होता. स्टीलचा, उघडा, आत सरांच्या बायकोने केलेल्या नारळाच्या वड्या. बुओना व्हिस्टाच्या त्या परिषदेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच: प्राध्यापक सर आणि मी, दुभाष्या. परिषद सरांनीच भरवलेली, त्यामुळे ते आनंदाने फुगले होते. "घ्या हो, घरच्या आहेत! आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालोच नव्हतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव. सिंगापुरात आल्यापासून नुसतंच.

सांगितलं.

"अच्छा." झाकण लागलं. "तू जेवण बूथमध्येच घे. टेबलावर पाहुणे असतात."

मी थापाड्या माणूस. ताश्कंदला शिकताना माझं रशियन ऐकून गोठलेल्या नद्या वाहायला लागायच्या, असं मी बुकित पंजांगमध्ये आमच्या ब्लॉकखाली बसून सांगतो. दहाचे शंभर करतो. पण ते झाकण होतं तेवढंच सांगतोय. त्याहून मोठं मला करताच येत नाही.

आणि मी काय केलं? "हो सर" म्हणालो. वर हसलो! सहा आठवड्यांत माझा इथे राहून काम करायचा पास संपत होता. पास कंपनीच्या कंत्राटावर, कंत्राट सरांच्या सहीवर. पोरीने सकाळीच बजावलं होतं, "बाबा, टुडे डोन्ट फाइट, लाह. आय लाइक माय स्कूल."

काचेच्या बूथमध्ये जाऊन बसलो. विषय: सोव्हिएत संघ फुटल्यावरची राष्ट्रं, परदेशी गेलेले समाज, त्यांची ओळख. दुभाष्याचा नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्या नियमाने मी आजवर तीन मंत्री, एक सेनापती आणि नोव्हेनाच्या हॉस्पिटलात दोन बाळंतिणी झालोय.

त्या दिवशी किरगीझ म्हातारी झालो. इतिहास शिकवणारी. ती रशियनमध्ये, मी इंग्रजीत:

"माझ्या पासपोर्टात पाचवा रकाना राष्ट्रीयत्वाचा, म्हणजे वंशाचा होता. मॉस्कोत कारकून तिथवर पोचला की त्याचा चेहरा बदलायचा. मी तो रकाना अंगठ्याने झाकून पासपोर्ट पुढे करायचे. देश स्वतंत्र झाला. अंगठा तिथेच राहिला."

खाली बघितलं. माझा अंगठा बिल्ल्यावर होता.

मग सर उठले. इंग्रजीत, छाती काढून: "आम्ही मराठी लोकांनी जात चांगी विमानतळावरच सोडली. मी इथे कधी कुणाला आडनाव विचारलेलं नाही."

पाच पाहुणे कानाला यंत्र लावून माझ्या रशियनची वाट बघत होते. नियमाने मला म्हणायला हवं होतं: मी कधी कुणाला... बिल्ल्यावरचा अंगठा काढला.

"असं वक्ते म्हणताहेत," मी रशियनमध्ये म्हणालो. "मी नाही. मला त्यांनी सकाळी आडनाव विचारलं. आणि डब्याला झाकण लावलं."

पाच माना बूथकडे वळल्या. म्हातारीने माईक ओढला. तिचा प्रश्न इंग्रजीत करणं माझं कामच होतं. सरांच्या कानात, माझ्याच आवाजात:

"मी विचारते, प्राध्यापक महाशय, तो डबा कुठाय?"

सरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

सही झाली नाही. पासाचे अकरा दिवस उरलेत. पोरीने शाळेच्या मैत्रिणींचे पत्ते वहीत उतरवून घेतलेत. काल सरांचा फोन. "भाषांतरात चूक झाली, एवढं लिहून दे. लगेच सही करतो."

आयुष्यात हजार थापा मारल्या. ही मारणार नाही.

उद्या त्यांच्या ऑफिसात जाणार. नवा बिल्ला मीच केलाय. आडनाव आधी, मोठ्या अक्षरांत. विचारायचे कष्ट नकोत. वाचा.