पाच घरी जेवणाऱ्या वैजयंताबाई

वैजयंताबाईंची नोकरी जायची वेळ आली, ती लोकेशच्या सुवाच्य अक्षरामुळे. गेवराईच्या शाळेत त्याला अक्षराचं बक्षीस मिळालेलं. त्याच अक्षरात त्यानं पाचही घरांच्या फॉर्मवर ‘होय’ लिहिलं. प्रश्न होता : मदतनीस घरच्यांकडून काही घेते का? म्हातारे अभिमानानं म्हणाले होते, आमच्याकडं रोज जेवूनच जाते.

सरकारी अनुदानावर एक संस्था घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करी. ती कशी चालते हे बघायला १९९६ साली लोकेशला नेमलं होतं. वैजयंताबाई पेणकरपाड्याहून सकाळी सातला निघून राई गावापर्यंत पाच घरं करायच्या. कुणाला अंघोळ घाल, कुणाची नखं काप, कुणाशी भांड. काशीनाथआजोबांनी पथ्य मोडलं की त्यांची कवळीच पदरात बांधून ठेवायच्या. आजोबा शिव्या द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी साडेसातपासूनच दाराकडं डोळे लावून बसायचे.

पण नियम तो नियम. घरचं काही घेतलं की कामावरून कमी. लोकेशच्या साहेबांनी तसं पत्रच तयार केलं. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून बाईंचं घर या पगारावर चालायचं. लोकेशनं विनवण्या करून फेरतपासणीला दोन दिवस मागून घेतले आणि राईला बाईंचं शेवटचं घर, अनसूयाआजींचं, गाठलं. बाई नुसतं पाणी पितात एवढं सांगा, म्हणाला.

“म्हंजे ती माज्या दारातून उपाशी गेली, असा लिवून देऊ?” आजी म्हणाल्या. “न्हाय जमायचा. तू बस, जेव आधी.”

नको म्हणेपर्यंत ताटात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण आलंसुद्धा. शेजारी जेवत बसलेल्या वैजयंताबाईंनी त्याच्याकडं मीठ सरकवलं.

“लिहा आता भाऊ. दोघांचंही लिहा.”

लोकेशनं लिहिलं : ‘मदतनीस जेवते. ती न जेवल्यास आजीही जेवत नाहीत. तपासनीसही जेवला.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. कालवण कशाचं होतं, विचारलं. मग पत्र फाडून शेरा मारला : सोबत जेवणे हा सेवेचाच भाग समजावा.

राईहून निघताना आजींनी लोकेशला सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा दिला होता. चटणी चार दिवसांत संपली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे गेवराईतही कळतं. पण खोलीवर त्याला चहापलीकडं काही करता येत नव्हतं. वैजयंताबाई भेटल्या की डब्याची चौकशी करायच्या. डबा आपला फळीवरच होता, घासून लख्ख.