हरकत नसलेल्यांची गल्ली

नव्वदच्या दशकात आम्ही शिवाजीनगर, म्हणजे पुण्याचं नव्हे, इथलं कानडी मुलखातलं, सोडून शहराबाहेरच्या व्हाइटफील्डच्या वसाहतीत राहायला आलो. पाणी चोवीस तास, फक्त बायकोला बोलायला कुणी नाही. शिवाजीनगरात आमच्या भिंतीपलीकडे एक मुसलमान शिंपी राहायचा. त्याची बायको, आमची आपा, पदराला हात पुसत सरळ आमच्या स्वयंपाकघरात यायची आणि आमटी चाखून नाक मुरडायची.

इथलं शेजारचं घर रिकामं झालं. आपाही घर शोधत होती, दुकान बरं चाललं होतं. ही म्हणाली, “मालकांशी बोला. ऑफिसात एवढी भाषणं ठोकता ना!”

मी ऐटीत गेलो. मालक माझ्याच कचेरीतले. “शिंपी? आणि मुसलमान? माझी काही हरकत नाही हो, पण समोरच्यांना विचारा.” समोरच्यांचीही हरकत नव्हती, त्यांना मागच्यांची काळजी होती. मागचे म्हणाले, “आम्हाला चालेल, पण मालकांना आवडेल का?” चहा मात्र सगळीकडे मिळाला. अख्ख्या गल्लीत कुणाचीच हरकत नव्हती आणि घर काही मिळालं नाही.

आपाला सांगायला गेलो, तर माझी त-त-प-प ऐकून तिनंच मला सोडवलं. “रहने देव भाई, वहाँ से दुकान दूर पडती.”

पुढे त्या घरात पुण्याचं कुटुंब आलं, अगदी आमच्यासारखंच. फार भली माणसं. यायच्या आधी फोन करतात. मग ही दिवाणखाना आवरते, चांगली साडी नेसते आणि खुर्चीत त्यांची वाट बघत बसते.