जाणकारांसाठी पुस्तकं निवडताना

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पुण्यातली नोकरी न सोडता आमच्या गावी, कापड्याला, राहायला आले. काम घरूनच करते. कारखान्यातल्या यंत्रांना हुकूम देणारे प्रोग्रॅम आमची टीम लिहिते, सी प्लस प्लस या भाषेत. सतरा वर्षं मी ती लिहिते आहे, तरी तिचे काही कानेकोपरे मला अजून परकेच आहेत.

टीममध्ये आम्ही आठ जण, सगळे अनुभवी. अडलं की नेटवर शोधायचं आणि सापडेल ते उत्तर चिकटवायचं, अशी आम्हा सगळ्यांना सवय लागली होती. अशाच एका उसन्या उत्तरापायी एका गिऱ्हाइकाचं यंत्र दोन दिवस बंद पडलं. तेव्हा साहेबांनी मला फोन केला. "प्रत्येकाच्या टेबलावर खात्रीची पुस्तकं हवीत. चारच्या वर नकोत. तू निवड."

आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने लगेच एका हजार पानी ठोकळ्याचं नाव सुचवलं. "त्यात निवडायचं काय? आपण सगळे यावरच शिकलो."

"शिकलो, पण आता आपल्याला शिकायचं नाहीये. अडलं की शोधायचंय," मी म्हणाले. तो हसला. त्या हसण्याने मी इरेला पेटले. एकही पुस्तक नुसत्या नावावर घ्यायचं नाही, हे त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पुस्तकं हातात घेऊन पाहायची होती, म्हणून एसटीने महाडला गेले. कोर्टाजवळ एका चाचांचं दुकान आहे. शाळेची गाईडं आणि वकिलांची पुस्तकं विकतात. मी यादी पुढे केली. त्यांनी चष्मा वर ढकलून ती दोनदा वाचली.

"यातलं मला ओ की ठो कळत नाही, ताई. पण एक सांगा, घेणारे नवशिके की मुरलेले?"

"मुरलेले."

"मग वकिलांसारखंच. नवा वकील जाडजूड पुस्तक मागतो. जुना वकील आधी मूळ कायदा मागतो, मग त्यावरचं भाष्य, मग लोक कुठे कुठे फसले त्याचे निकाल. आणि पुस्तक पुढून नाही उघडत, मागून उघडतो. सूची बघतो."

मी तिथे उभी राहून यादीच्या मागच्या बाजूला ते लिहून घेतलं. आमच्या भाषेलाही मूळ नियमांचा ग्रंथ असतोच. मी तो कधी हातात धरला नव्हता. नको असतील ती परत घेण्याच्या बोलीवर चाचांनी मुंबईहून सात पुस्तकं मागवायचं कबूल केलं. फक्त म्हणाले, "तळ्यावरचा मार्चचा कार्यक्रम होऊ दे. त्या दिवसांत महाडला इतकी गर्दी लोटते, मला श्वास घ्यायला फुरसत नसते."

मार्च सरता सरता खोकं आलं. मी आमच्याच टीमच्या जुन्या चुकांमधून सहा प्रश्न काढले. प्रत्येक पुस्तकाला प्रत्येक प्रश्नासाठी पाच मिनिटं. घड्याळ धरायला बाबा बसले. त्यांचा उजवा हात उठत नव्हता, बोलणं अडखळत होतं, पण नजर पक्की होती.

"झाली पाच," ते म्हणायचे.

"बाबा, अजून एकच पान."

"नाय. झाली म्हंजे झाली गो."

हजार पानी ठोकळा दोन प्रश्नांतच थकला. ती जुनी आवृत्ती होती. भाषा मधल्या काळात कितीतरी बदलली होती. दुसरं एक पुस्तक छान होतं, पण बाबांनी ते डाव्या हाताने उघडून टेबलावर ठेवलं की फटकन मिटायचं. "ह्यो ऱ्हात नाय उघडा," ते वैतागून म्हणाले. कीबोर्डवर दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला ते काय कामाचं? तेही बाजूला गेलं.

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा होता, कारण त्याचं उत्तर मला पाठ होतं. प्रोग्रॅममधली दोन कामं एकाच वेळी चालतात आणि दोन्ही एकच आकडा वापरतात, तेव्हा त्या आकड्याआधी मी भाषेतला एक ठरावीक शब्द लावत असे. त्याने आकडा सुरक्षित राहतो, असं मला वाटायचं. पुस्तकात लिहिलं होतं, राहत नाही. तो शब्द त्यासाठी नाहीच. मला पुस्तकच चुकीचं वाटलं. दुसरं उघडलं. तिथेही तेच. शेवटी नियमांचा ग्रंथ काढला आणि ते कलम तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही अर्थ तोच निघाला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"मी चुकत होते, बाबा. आठ वर्षं."

घड्याळ खाली ठेवून ते म्हणाले, "मग आता नीट कर."

नेटवर्क धरेना, म्हणून पोलादपूरच्या रस्त्याला चढावर जाऊन साहेबांना फोन लावला. महाडच्या एका कारखान्यातही तोच शब्द वापरलेला माझा प्रोग्रॅम चालू होता.

"आठ वर्षांत काही बिघडलं नाही ना? मग आत्ता कशाला हात लावतेस?" ते म्हणाले.

"बिघडलं नाही ते नशिबाने. मला ते बदलायचंय. आणि ही चूक माझी होती, हे मी टीमला स्वतः सांगणार आहे."

"बरं. आधी ते कर," ते म्हणाले.

पंधरवडा गेला. असा प्रत्येक आकडा मी शोधला, बदलला, तपासला. मग यादी पाठवली. चार मागितली होती, मी तीनच दिली: मूळ नियमांचा ग्रंथ, त्यावरचं एक भाष्य, आणि माणसं कुठे फसतात ते दाखवणारं एक पातळ पुस्तक. प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली, हे कधी उघडायचं. खाली माझी चूकही लिहिली, पान क्रमांकासकट.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ सहकाऱ्याचा फोन आला. मला वाटलं, आता ठोकळ्यावरून वाद होणार.

"ते पान वाचलं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्याकडेही तेच आहे. दोन ठिकाणी. तू बदललंस कसं, ते सांगशील?"

मी लॅपटॉप जवळ ओढला आणि म्हणाले, "पहिली फाइल उघड."