गंधकाच्या वाटेवरच्या सामंतबाई

धूर साफ करणारा डबा निकामी होऊन परत आला की सामंतबाई तो करवतीने उभा कापायला लावत आणि त्यात नाक खुपसून बसत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी मला त्यांचा फक्त अंबाडा दिसला. डब्यातूनच आवाज आला, "नवीन मुलगी ना तू? ये, वास घे."

बंद गोदामांत चालणाऱ्या डिझेल फोर्कलिफ्टसाठी आम्ही हे डबे बनवत असू. आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली जाळी. तिच्यावरून जाताना धुरातला विषारी वायू जळून जाई. पण डिझेलमध्ये गंधक भरपूर. तो प्लॅटिनमवर चिकटला की काही महिन्यांत डब्याचा नुसता पत्रा उरे. माझ्या इंग्रजी पुस्तकांत याला 'पॉयझनिंग' म्हणत. बाई मूळच्या कुडाळच्या. त्या म्हणत, "गंधक म्हणजे घरजावय गो. एकदा बसलो की उठाचो नाय. त्याका उंबऱ्यारच अडवूक होयो."

त्यासाठी त्यांनी जाळीपुढे चुन्याच्या गोळ्यांचा थर घातला. शेठशी वर्षभर भांडून ही परवानगी मिळवलेली. भांडुपच्या एका गोदामातले हमाल संध्याकाळी डोकं धरून बसत. पहिला डबा तिकडे जायचा होता. गंधकाला फट मिळू नये म्हणून बाईंनी गोळ्या स्वतः ठासून भरल्या, बरणीत लोणचं दाबावं तशा.

पाठवायच्या आदल्या दिवशी शेवटची चाचणी होती. धूर स्वच्छ येत होता, शेठ खूश होते. मी मात्र डब्यात कोंडणाऱ्या धुराचा दाब दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे बघत होते. तिच्यातलं पाणी हळूहळू चढत होतं. चारचौघांत बोलणं मला जमत नसे. मी बाईंच्या कानाशी गेले. "मॅडम, इंजिन गुदमरतंय बहुतेक."

त्यांनी इंजिन बंद केलं, डबा निवल्यावर उघडला. गंधक शोषून चुना फुगला होता. धुराला वाटच उरली नव्हती. गोदामात तो नळीच्या सांध्यांतून, साफ न होताच, हमालांच्या तोंडावर आला असता.

"आता गोदामवाल्याला काय सांगू?" शेठ वैतागले.

"सांगा, बाईची चूक झाली."

"थोडं सैल करून पाठवू ना. कोणाला कळणार?"

"हमालांच्या डोक्यांना कळेल, शेठ."

मग बाईंनी गोळ्या एका सरकत्या ट्रेमध्ये घेतल्या, फुगायला जागा ठेवली. दाबाच्या नळीतलं पाणी खुणेपर्यंत चढलं की ट्रे बदलायचा. "चुनो मरतलोच," त्या मला म्हणाल्या. "त्याका मरूक जागा देऊक होयी."

डबा बसवला त्या दिवशी आम्ही दोघी भांडुपला गेलो. धूर मोजणाऱ्या मीटरचे आकडे उत्तम आले, तशी मी पर्स उचलली.

"बस खाली. मीटराचा डोका दुखना नाय."

पाळी सुटेपर्यंत त्या पोत्यावर बसून होत्या. मग मुकादमाला विचारलं, "काय मामा, डोकं?"

"डोकं ठीक हाय. पण भूक लागलीय लय, त्याचं काय करता?"

"त्यावर थर नाही बाबा माझ्याकडे."

बाई निवृत्त होऊन कुडाळला गेल्या. नव्या गोदामात डबा बसला की आता पोत्यावर मी बसते. अनोळखी माणसांशी बोलणं मला अजून जड जातं. पाळी सुटताना हमाल नळावर तोंड धुवायला येतात. तेव्हा मी उठते, आणि विचारते.