मी कैलासवासी केलेली बुधियाबाई

गोंदियाला पहाटे पोचणारी गाडी पोचली दहाला. फलाटाबाहेर पोहे घेतले, तर भैयाने त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री (झणझणीत रस्सा) ओतली. "थोड़ा कम" म्हणेपर्यंत पोहे बुडालेही होते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मी खुशीत होतो. बारा वर्षांनी, २०११च्या डिसेंबरात, या जिल्ह्यात परत येत होतो आणि या खेपेला विद्यार्थी म्हणून नाही, साहेब म्हणून. आडगावांतल्या महाविद्यालयांनी जपलेलं लिखाण संगणकावर घ्यायचं आमच्या पुण्याच्या संस्थेने ठरवलं होतं. कुठे काय आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची यादी करायला मला धाडलं होतं.

पहिल्याच महाविद्यालयाच्या ग्रंथपाल होत्या बिसेन मॅडम. आपण पोवार, आपले पूर्वज माळव्यातून आले, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. मला वाटलं होतं, कपाटात वाळवी भेटेल. कपाट उघडलं आणि मी थक्क झालो. सारस पक्ष्यांच्या मोजणीच्या वह्या होत्या, श्रमदान शिबिरांच्या रोजनिश्या होत्या, झाडीपट्टीतल्या नाटकांच्या जाहिराती होत्या. एका निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर पोवारी शब्द टिपून ठेवले होते. चोरखमारा तलावाखालच्या पाटांचे नकाशे मुलांनी हाताने काढले होते, त्यात कुणाच्या बांधावर कोणतं झाड आहे तेही होतं. प्रत्येक गठ्ठ्यात कडुनिंबाचा पाला. पुण्यात आम्ही इतकं जपत नाही, हे मी मनात कबूल केलं.

त्यातच माझा प्रबंध होता. केशोरीकडच्या जुन्या धानांच्या (भातांच्या) वाणांवर १९९९ साली केलेला. या महाविद्यालयाने तेव्हा मला वसतिगृहात राहू दिलं होतं म्हणून एक प्रत भेट दिली होती. हाताळून हाताळून शिवण सुटलेली, पुन्हा नीट शिवलेली. यादीतल्या 'स्थिती'च्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं आणि खाली रेघही मारली.

मग मॅडमनी माझ्या प्रबंधावर आधारलेले तीन प्रकल्प काढून दिले. मी तर हरखलोच. तिन्हींत माझं नाव होतं आणि मला ते वाण ओळखायला शिकवणाऱ्या 'कै. बुधियाबाई'चंही होतं. तिसरा प्रकल्प जुनं बियाणं गोळा करणाऱ्यांचा. ते गावोगाव फिरले होते, फक्त बुधियाबाईचा टोला (वस्ती) सोडून. कारण दिलं होतं, 'माहितगार हयात नसल्याने'.

मी कौतुकाने माझ्या प्रबंधातला तिचा फोटो मॅडमना दाखवला. त्या वाकून फोटो आणि खालचं नाव बघत राहिल्या.

"ही तर बुधिया आजी, माझ्या माहेरची. कै. काऊन लिवलं? मागच्या बाजाराले भेटली मले."

पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या मॅडम एकदम झाडीबोलीवर आल्या होत्या. मी खाली बसलो.

घडलं होतं ते इतकंच. मी प्रबंध द्यायच्या घाईत होतो आणि एक वर्गमित्र केशोरीकडे निघाला होता. त्याला म्हटलं, बुधियाबाईची खुशाली काढून ये. त्याने येऊन सांगितलं, ती वारली. इकडे बुधवारी जन्मलेल्या मुलीला बुधिया म्हणतात, टोल्याटोल्यात एक तरी बुधिया असते. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या प्रकरणात या चालीवर मी चांगलं पानभर लिहिलंय. तरी एक पत्र टाकून खात्री केली नाही. वर 'तिच्या पवित्र स्मृतीस' म्हणून अर्पणपत्रिका! मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबर केशोरीची एसटी धरली. ती वाटेत पंक्चर झाली. कापणी होऊन गेलेल्या बांध्यांतून (बांध घातलेल्या वावरांतून) चालताना माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. एका पायात चप्पल घालून मी जंगलाकाठच्या टोल्यावर पोचलो.

बुधियाबाई अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. तिने मला ओळखलं. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. सूप थांबलं नाही.

"त्याच्यानं कोनी आलं नाई म्हना," ती म्हणाली.

मला तेव्हा आठवलं. निघताना मीच तिला सांगितलं होतं, आजी, कॉलेजची माणसं येतील, हे वाण सांभाळून ठेव. तिने सांभाळले होते. जुनं बी उगवत नाही, म्हणून दरसाल एकेका वाणाची हातभर पट्टी ती वेगळी लावायची. वावर वाया घालवते म्हणून पोरं चिडायची. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि पट्ट्या थांबल्या. वळचणीला बिजवाईचे, म्हणजे राखलेल्या बियाण्याचे, तुंबे (वाळवलेले भोपळे) टांगले होते. मी एकेक हलवून पाहिला. हिरानक्खी वाणाचा रिकामा, पुढचा रिकामा, त्याच्या पुढचाही. बी मेलं, मग रांधून खाल्लं, असं तिने सांगितलं. एकाच तुंब्यात दाणे वाजले. यंदा मुलाच्या हातापाया पडून तिने एक पट्टी लावून घेतली होती, लुचईची.

मी म्हणालो, आजी, प्रबंध दुरुस्त करतो.

"मले कागदावर जिती कराल बापू. बिजवाईले कोन करते?"

तिने भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. मी ताट पुसून जेवलो. निघताना तिने लुचईचा तुंबा काढला. मी दोन्ही हात पुढे केले. ती मला वळसा घालून बिसेन मॅडमकडे गेली.

"तुह्यापाशी वावर आहे," ती त्यांना म्हणाली. "याच्यापाशी कपाट."

नोंद झालेल्या प्रबंधात खाडाखोड करायची नाही असा नियम आहे, चिठी मात्र चिकटवता येते. माझ्या प्रबंधात आणि त्या तीन प्रकल्पांत आम्ही चिठ्या चिकटवल्या: 'बुधियाबाई हयात आहेत. चूक मूळ लेखकाची.' मॅडमनी खाली शिक्का मारला. तुंबा त्यांच्या टेबलावर होता. पावसाळ्यात माहेरच्या बांधीत पऱ्हे (रोपं) टाकायचं त्यांनी कबूल केलं होतं.

परतीच्या गाडीत यादी काढली. इतकी वर्षं मी जपणुकीची नोकरी करतोय आणि जपत होती गुडघे धरून बसलेली ती बाई, केवळ माझ्या शब्दाखातर. 'उत्तम' खोडलं. त्या जागी काय लिहावं ते नागपूर गेलं तरी सुचेना. शेवटी लिहिलं: कागद शाबूत. धान एकच उरलं, ते कपाटात नाही.